दोन मिनिटं अठरा सेकंद

उचगावात पिठाच्या गिरणीला लागून हुसेनभाई मुल्लाणींचं दुकान आहे. पाटीवर ‘हुसेन व्हिडिओ’ एवढंच. खाली पूर्वी ‘लग्न, साखरपुडा, बारशाचे शूटिंग करून मिळेल’ अशी ओळ होती. ती त्यांनी स्वतः रंगाचा डबा आणून पांढरी करून टाकली. का केली, असं कुणी विचारलं की म्हणतात, “गुडघं दुखत्यात.” साफ खोटं! गुडघे ठणठणीत आहेत. माणूस रोज पहाटे नमाजाला चालत जातो, चालत येतो आणि वाटेत दूधही घेतो. गुडघ्यांना उगीच बदनाम केलंय.

आता त्यांचा धंदा वेगळा. जुन्या लग्नांच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घालून देणं, आणि नेटवरच्या पानात चिकटवलेला व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवून देणं. लोकांना वाटतं, मोबाईलवर दिसतंय म्हणजे आपलं झालं. अहो, खिडकीतनं दिसणारा शेजाऱ्याचा टीव्ही आपला होतो का? पानाच्या मालकानं पान पुसलं की गेलं सगळं. मग येतात धावत. कुणाला नातवाचा गॅदरिंगमधला नाच पाहिजे, कुणाला तालमीतल्या आपल्या पोराची कुस्ती, कुणाला म्हशींच्या शर्यतीत पहिली आलेली आपली म्हस. कुणी पिक्चर मागितला तर हुसेनभाई हात जोडतात, “दुसऱ्याचा माल हाय त्यो, पावणं. त्यो न्हाय काढत मी.”

उतरवायची रीतही त्यांची त्यांनीच शिकलेली. पुष्कळ पानांवर सेव्ह करायचं बटणच नसतं. मग हुसेनभाई कीबोर्डावरचं एफ-बारा बटण दाबतात, बाजूला पानाची आतडी उघडी पडतात. व्हिडिओ सुरू केला की तिथं भराभर ओळी धावायला लागतात, त्यांतून त्याचा खरा पत्ता हुडकायचा. कधी अख्खी फाईल एका दमात येते. कधी चार-चार सेकंदांचे तुकडे येतात, ते ओळीनं जोडायचे. आणि काही पानांवर चित्र वेगळं येतं आणि आवाज वेगळा येतो. दोन्ही उतरवून एकमेकांवर बसवायचे, नाहीतर माणूस नुसता तोंड हलवताना दिसतो. ही चित्र-आवाजाची गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्याआधी पंचवीस वर्षं हुसेनभाईंनी लग्नं काढली. त्या वेळी दुकान मलकापुरात होतं. खांद्यावर हा एवढा मोठा कॅमेरा घेऊन शाहूवाडी तालुका पालथा घातला. हजारावर लग्नं झाली असतील. काम चोख, पण एक खोड वाईट. मनासारखं चित्र आलं नाही की हा गडी भर मांडवात ओरडायचा, “पावणं, परत एकदा!” नवरदेवानं घातलेला हार काढायचा, परत घालायचा. पोरीच्या आईनं डोळे पुसायचे आणि परत रडायचं. एक भटजी तर अक्षता खाली टाकून उठलेले. “लग्न एकदाच लागतं, मुल्लाणी!” म्हणून गरजले. हुसेनभाई थंडपणे म्हणाले, “लागू दे की काका, पर दिसाय नको व्हय?” सगळा मांडव हसला होता. ‘परत एकदा’ या शब्दांनी त्यांचं नाव झालं, आणि यांनीच त्यांची झोप नेली.

रोज सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली की हुसेनभाई आधी एक पान उघडून बघायचे. अमरसिंह नावाच्या एका ओळखीच्या पोरानं पूर्वी बातम्यांचं पोर्टल काढलं होतं, त्यातलं एक जुनं पान. दोन हजार एकोणीसच्या पुराचं. पानाच्या मधोमध एक व्हिडिओ, दोन मिनिटं अठरा सेकंदांचा. हुसेनभाई आवाज बंद करून तो चालू करायचे, आहे की गेला एवढं बघायचे आणि बंद करायचे. सहा वर्षांत त्यांनी तो आवाजासकट एकदाही ऐकला नव्हता. ते पान एक दिवस आपोआप मरेल, याची हा माणूस वाट बघत होता.

आणि या महिन्यात तो दिवस जवळ आला. पानाच्या डोक्यावर लाल पट्टी आली : हे पोर्टल एकतीस तारखेपासून बंद होत आहे, वाचकांचे आभार. अमरसिंहनं आता गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलंय, पोर्टलला कुठला वेळ देतोय तो! हुसेनभाईंनी ती पट्टी तीनदा वाचली. मग खुर्चीत मागं टेकून मोठा श्वास सोडला. सुटलो, असं ते अगदी स्पष्ट मनात म्हणाले.

सत्तावीस तारखेला दुपारी एक बाई दुकानात आली. पंचेचाळीशीची, अंगावर सुती साडी, हातात कापडी पिशवी. पायरीवर चपला काढल्या.

“या ताई, बसा,” हुसेनभाई म्हणाले.

बाई जागीच थांबली. घटकाभर त्यांच्याकडं नुसती बघत राहिली. मग बसली.

“एक व्हिडिओ हाय. पोर्टल बंद हुनार हाय म्हणं. काढून पायजे.”

तिनं मोबाईल पुढं केला. हुसेनभाईंनी चष्मा लावला. तेच पान. तोच व्हिडिओ.

“माझी पोरगी, मोना, पुण्याला असती. तिनं मोबाईलवरच स्क्रीन रेकॉर्ड करून धाडला,” बाई सांगत होती. “चित्र आलंय. आवाजच न्हाय. चित्र नको मला, चित्र लई बघितलं. मला आवाज पायजे. हे माझं मालक हायत. आकाराम. पुरात गेलं. घरात दुसरा कुठं त्यांचा आवाज न्हाय हो. पान लावलं न्हाय तर मी इसराय लागते. कसं बोलायचं ते आठवतंय, पर कानात वाजत न्हाय.”

“नाव काय म्हणाला?” हुसेनभाईंनी उगीचच विचारलं.

“माझं? वर्षाराणी.”

आवाजच पाहिजे होता तिला. चित्र मागितलं असतं तर हसत दिलं असतं त्यांनी. पण त्या व्हिडिओत आकारामच्या आवाजाआधी दुसरा एक आवाज आहे. तो हुसेनभाईंचा.

झालं होतं ते असं. त्या ऑगस्टात पंचगंगा घरात शिरली, तेव्हा लग्नं बंद, धंदा बसलेला. अमरसिंहनं फोन केला, “भाई, कॅमेरा घेऊन चला, पुराचं काढू.” गेले. नदीकाठच्या एका वस्तीपाशी रस्ता पाण्यात उतरत होता. पाणी मांडीएवढं. पाऊस धरलेला. तेवढ्यात समोरनं एक माणूस रेडकू खांद्यावर घेऊन पाण्यातनं आला. काय चित्र होतं ते! पण हुसेनभाईंनी कॅमेरा उचलेस्तोवर तो निम्मा रस्त्यावर आलेला. पंचवीस वर्षांची खोड. तोंडातनं निघूनच गेलं, “ओ पावणं, परत एकदा या की तिकडनं! रेडकू तसंच राहू द्या!”

तो माणूस थांबला. हुसेनभाईंकडं टक लावून बघितलं आणि एकदम मोठ्यानं हसला. काहीतरी बोलला. आणि खरंच वळला की हो! रेडकू घेऊन परत पाण्यात पंधरा-वीस पावलं गेला आणि सावकाश, कॅमेऱ्याकडं बघत बाहेर आला. रेडकू लोकांच्या हातात दिलं. “आत अजून म्हस बांधल्याली हाय,” म्हणाला, आणि तिसऱ्यांदा पाण्यात गेला. हुसेनभाईंनी कॅमेरा बंद केला. ते आणि अमरसिंह पुढच्या वस्तीकडं निघून गेले. अमरसिंहनं घाईघाईत व्हिडिओ जसाच्या तसा पोर्टलवर चढवला, एक सेकंद कापला नाही. लोकांनी खाली ‘नाद खुळा’ आणि ‘वाघ हाय वाघ’ असं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी त्याच पानावर खाली एक ओळ आली, की व्हिडिओतल्या या पशुपालकाचा मृतदेह सापडला. म्हशीचं दावं सोडायला गेला, तेवढ्यात पाणी छातीला लागलं होतं आणि ओढ वाढली होती.

आता सांगा. पाणी काय हुसेनभाईंनी चढवलं? नाही. पण ते मिनिटामिनिटाला चढत होतं, आणि त्या माणसाची दोन मिनिटं अठरा सेकंद यांनी घेतली. तेवढ्या वेळात म्हस सुटली असती का, माणूस वाचला असता का? कुणाला ठाऊक! कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर ते भूत मानगुटीवरून उतरेना. आणि ते हसणं! मरायला निघालेला माणूस आपल्यावर का हसला? आपल्या मूर्खपणावर हसला, असंच हुसेनभाईंनी धरून ठेवलं. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यांनी त्याच आठवड्यात पुसलं. दिवाळीनंतर एका लग्नाला गेले. हार वाकडा पडला. ‘परत एकदा’ म्हणायला तोंड उघडलं. शब्दच फुटेना. लोक बघायला लागले. तसेच मांडवाबाहेर आले, आणि पुढच्या महिन्यात कॅमेरा विकला. मलकापुरातनं बिऱ्हाड उचलून उचगावला आले. तरी बादलीत नळाचं पाणी पडायला लागलं की त्यांना तो हसताना ऐकू यायचा. बायकोला, लालबीला, ते नळ बंद करायला सांगायचे.

तर वर्षाराणी पुढ्यात बसलेली. हुसेनभाई म्हणाले, “उद्या या. बघतो.”

दुसऱ्या दिवशी ती आली. हुसेनभाईंनी कॉम्प्युटरकडं बघतच सांगितलं, “ताई, आवाज येईना झालाय. पान जुनं हाय. चित्र येतंय, आवाज न्हाय.”

“चित्र हाय माझ्याकडं.”

“व्हय, पर आवाजाची फाईल खराब झाल्याली दिसती.”

“माझ्या मोबाईलवर वाजतोय की.”

हुसेनभाईंनी माऊस उगीच इकडंतिकडं फिरवला. शेजारी गिरणी घरघरत होती. वर्षाराणीनं पिशवी मांडीवर घेतली आणि शांतपणे म्हणाली, “चालतंय. बघा तुमी. एकतीस तारखेपतोर मी रोज येते.”

ती गेली आणि हुसेनभाईंना स्वतःची किळस आली. तीन दिवस रेटले की पान मरणार होतं. काहीच करायचं नव्हतं, फक्त ‘उद्या या’ म्हणायचं होतं. इतकं सोपं पाप आयुष्यात कधी समोर आलं नव्हतं.

एकोणतीसलाही ती येऊन गेली. त्या दिवशी जेवायला बसल्यावर लालबीनं भाकरी ताटात टाकली आणि पदर खोचून समोरच बसली.

“ती बाई कोण हाय रोज येणारी? गिरणीवाली सांगत हुती.”

हुसेनभाईंनी सांगितलं. लालबीला पुराचं सगळं ठाऊक होतं, सहा वर्षं नळ तीच बंद करत होती.

“मग तुमी काय म्हणालात तिला?”

“म्हणालो, आवाज येत न्हाय.”

“येतोय का?”

हुसेनभाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

“अहो, नवऱ्याचा आवाज मागतीया ती, तुमची जमीन मागती व्हय?” लालबीचा आवाज चढला. “तिच्या हक्काचा हाय त्यो! तुमी कोण दाबून ठिवणार? शिव्या देईल, चार लोकांत तमाशा करील, करू दे. खावा की शिव्या! सहा वर्षं तसंबी काय सुखात जेवलाय तुमी?”

एवढं बोलून तिनं आमटी वाढली, अगदी रोजच्यासारखी. आणि हळूच म्हणाली, “वरती गेल्यावर आवाज येत न्हवता म्हणून सांगणार हाय काय?”

हुसेनभाई जेवण अर्धं टाकून उठले.

दुकानात येऊन त्यांनी पान उघडलं, एफ-बारा दाबलं, व्हिडिओ चालू केला. ओळी धावल्या. इथंही चित्र वेगळं होतं, आवाज वेगळा. चित्र त्यांनी आधी उतरवलं, सवयीनं. मग आवाजाचा पत्ता सापडला. उतरवायला वेळ लागला नाही, एवढीशी तर फाईल. चित्राशी जोडायच्या आधी ती नीट उतरली का हे ऐकून बघावं लागतं. तो धंद्याचा नियम, त्यात सूट नाही. त्यांनी हेडफोन डोक्याला लावले, काढून ठेवले, परत लावले. शेवटी बटण दाबलं.

पुढं चित्र नव्हतं, काळी पट्टी फक्त. आधी पाऊस ऐकू आला. मग पाणी, कुणीतरी पाण्यातनं चालत येतंय. मग त्यांचाच आवाज, सहा वर्षांपूर्वीचा, ऐटीतला, खणखणीत, “ओ पावणं, परत एकदा या की तिकडनं!” मग ते हसणं. आणि त्यापाठोपाठ शब्द, जे त्या दिवशी पावसात त्यांना कळलेच नव्हते. “आयला! परत एकदा व्हय? येतो की, येतो की!”

त्यांनी हेडफोन काढले. हसणं तरीही कानात होतं. पण एक गोष्ट त्यांना खुपली. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. खूप दिवसांनी जत्रेत जुना दोस्त भेटावा, तसा तो माणूस हसला होता. आणि हुसेनभाईंनी तर त्याला जन्मात कधी बघितलं नव्हतं. मग का?

माऊसचा बाण फाईल पुसायच्या बटणावर गेला होता, हे खोटं कशाला सांगू? गेला होता. थांबला आणि परत आला. हुसेनभाईंनी आवाज चित्रावर बसवला.

तीस तारखेला वर्षाराणी आली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढून ठेवली होती. पेनड्राइव्ह टेबलावर होता.

“आवाज आला, ताई.”

“आला?”

“पयल्या दिवशीच आला असता. मी खोटं बोललो.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “त्यात दुसरा एक आवाज हाय. तुमच्या मालकांना परत पाण्यात जा म्हणणारा. त्यो माझा हाय. मीच हुतो कॅमेऱ्यावर.”

वर्षाराणीनं मान हलवली.

“ठावं हाय मला.”

“ठावं हाय?”

“त्यासाठीच तर मलकापुरात इचारून तुमचं दुकान हुडकत आले. बघत हुते, देताय का न्हाय.” तिनं पिशवी टेबलावर ठेवली. “माझं माहेर मलकापूरकडचं. आमचं लगीन तुमीच काढल्यालं, दोन हजार एकला. कॅसेटवर नाव हुतं, हुसेन व्हिडिओ, मलकापूर. यांनी माझ्या गळ्यात हार घातला त्यो बाशिंगाला अडकला. तुमी मांडवात ओरडला, पावणं, परत एकदा! समदी हसली. आमी दर दिवाळीला ती कॅसेट लावायचो. त्यावरनं यांना नादच लागला. च्या सांडला की तुमच्या आवाजात ओरडायचं, पावणं, परत एकदा! मोना चालाय शिकताना पडली की तेच. भांडण झालं तरी तेच, मग मलाबी हसू यायचं. आमच्या घरात पोरीच्या आजीपतोर समदी तसंच बोलायची.”

ती थांबली. पदरानं तोंड पुसलं.

“कॅसेट पुरात गेली. आनि त्या दिवशी पाण्यात यांना तुमी दिसला. मी तुमचा आवाज वळखला, तसं त्यांनीबी वळखलं तुमाला. म्हणून हसलं. त्या हसण्याचा अर्थ जगात एकट्या मलाच ठावं हाय.”

हुसेनभाईंच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. साठीला आलेला माणूस, पुसायचंही सुचेना. तसंच त्यांनी विचारलं, “ताई, मी गप बसलो असतो तर…?”

“मला काय ठावं?” वर्षाराणी फटकन म्हणाली. “गोड बोलाय न्हाय आले मी. लई शिव्या दिल्यात तुमाला, सहा वर्षं, रोज. तेवढी दोन मिनिटं ठिवली असती तर कदाचित घरी आलं असतं. कदाचित नसतंबी आलं. पर त्यांचं शेवटचं हसणं हाय नव्हं, तेबी तुमच्यामुळंच हाय. आता त्याचं मी काय करू, तुमीच सांगा.”

हुसेनभाईंनी पेनड्राइव्ह तिच्यापुढं सरकवला.

“लावा,” ती म्हणाली.

त्यांनी लावलं, स्पीकर मोठा करून. पाऊस, पाणी, तो ऐटीतला आवाज आणि मग ते हसणं. वर्षाराणीनं डोळे मिटले होते. ओठ हलत होते, त्याच्याबरोबर ती ते शब्द बोलत होती. येतो की, येतो की. रेडकू खांद्यावर घेऊन आकाराम पाण्यात गेला, सावकाश बाहेर आला, म्हशीचं बोलला आणि पाठ फिरवून निघाला. दोन मिनिटं अठरा सेकंद झाली. पडदा काळा झाला. शेजारची गिरणी घरघरत राहिली.

वर्षाराणीनं डोळे उघडले नाहीत.

“परत एकदा,” ती म्हणाली.

हुसेनभाईंनी माऊस हातात घेतला. मग त्यांनी व्हिडिओची पट्टी सुरुवातीला ओढली. आकाराम रस्त्यावर उभा होता, त्यांच्याकडं बघून मोठ्यानं हसला आणि परत पाण्याकडं वळला.